अकरा मोहरा

पहाटे तीनला अण्णा गुलटेकडीला निघतात.
मापाडी. एकतीस वर्षं तोच गाळा.
काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, आकडे लाल दिसतात,
तरी ते त्याला काटाच म्हणतात.
मी जागाच असतो. त्यांना वाटतं, अभ्यास.
"दार लावून घे रे," म्हणतात
आणि स्कूटर चालू न करता ढकलत नेतात
गल्लीच्या तोंडापर्यंत, शेजारी उठू नयेत म्हणून.

माझा बाजार तेव्हा भरात असतो.
धनकवडीतल्या तिसऱ्या मजल्यावरून
मी जगभरचा लिलाव बघतो,
चंद्रवेलीच्या जुड्या, अजगराची खवलं, गरुडढाल.
बघतो म्हणजे, मी नाही.
मी चाळीस ओळी लिहून ठेवल्यात, त्या बघतात.
त्यांना पापणी नाही, झोप नाही,
हावसुद्धा नाही;
ती मीच एका ओळीत लिहून दिली:
निम्म्या भावाखाली दिसेल ते घे.

अण्णांच्या बाजारात लबाडी नव्हती असं नाही.
पूर्वी म्हणे रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा,
आणि ज्याचा माल, तो सोडून
सगळ्यांना कळलेला असायचा.
"पण हात माणसाचा असायचा," म्हणतात,
"घाम यायचा त्याला."

मंगळवारी खेळातल्या टपालात निरोप आला.
पाठवणारा: भडंग_०९.
माझं नाव तिथं मापाडी_४११०४३,
म्हणून मराठीत लिहिलं असेल.
'दादा किंवा ताई, आत्ता तुम्ही घेतली ती ढाल
माझ्या बहिणीसाठी लावली होती.
अकरा मोहरांना, कारण तिच्याकडं अकराच आहेत.
इथं फुकट देता येत नाही, विकावीच लागते.
ती बटण शोधत होती.
परत विकाल का?'

नोंदी काढल्या.
लावल्यापासून जाईपर्यंत, सेकंदाचा चार दशांश.
मग माझ्याच ओळींनी ती नऊशे चाळीसला लावली,
तीही गेली, सहा सेकंदांत,
घेणाराही बिनपापणीचाच.
एका रात्रीत तीन मालक झाले त्या ढालीला,
एकानंही ती उचलून पाहिली नाही.

मी लिहिलं, काहीही लाव, गवताची काडी लाव,
नऊशे चाळीसला घेतो.
उत्तर आलं:
'मग तिनं काय काडी घेऊन लढायचं?'

नऊला अण्णा आले, अंगाला मेथीचा वास,
कॉलरमध्ये कांद्याचं एक टरफल.
विचारलं, वजन सांगायची घाई करतात का हो लोक?
"सगळेच. आडत्या बोला बोला करतो, टेंपोवाला हॉर्न मारतो.
काटा हलतोय तोवर आकडा बोलायचा नाही.
हलत्या काट्यावर कुणाचं तरी जातंच."
आणि बादलीत हात घालून म्हणाले,
"पाणी गारच आहे की."

मी एक्केचाळिसावी ओळ लिहिली:
थांब. तीन सेकंद.
तेवढ्यात एखादीला बटण सापडतं का, ठाऊक नाही.
माझ्या ओळी थांबतात. बाकीच्यांच्या थांबत नाहीत.
आठवडाभरात चंद्रवेलीची एक जुडी मिळाली,
तीही कुणालाच नको होती म्हणून.
निरंजन म्हणतो, येडा आहेस,
तू थांबलास म्हणून बाजार थांबतो होय?
खरंय त्याचं.
भडंग पुन्हा दिसला नाही.

आज परत तीन वाजलेत.
खाली स्कूटरचं चाक खड्ड्यातून गेल्याचा आवाज.
पडद्यावर कुणीतरी ढाल लावली,
अकराला.
मी श्वास धरून मोजतो, एक,

दोन म्हणेपर्यंत गेली.
दार लावून घ्यायचं राहिलंच.